हिवाळ्यात गाडीची काळजी : थंडी, धुवारी आणि आपली चारचाकी



मागच्या डिसेंबरातली गोष्ट. परिपाठ झाला, मुलं वर्गात जात होती. चौथीतला एक मुलगा माझ्या गाडीपाशी थांबून चाकं निरखत होता. मला म्हणाला, "सर, तुमच्या चाकाले साखळी काऊन नाही लावली? थंडीत लावा लागते ना?"

त्याने मोबाईलवर बर्फात चालणाऱ्या गाड्यांचा व्हिडिओ पाहिला होता. मी हसलो, पण प्रश्न चांगला होता. हिवाळ्यात गाडी कशी तयार करायची हे इंटरनेटवर शोधलं की बहुतेक माहिती बर्फाच्या देशांतली मिळते. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च गाडीला हिवाळी टायर लावणं कायद्याने सक्तीचं आहे. आपल्या कुहीत बर्फ नाही. मग आपल्याला हिवाळ्याची तयारी लागत नाही का? लागते. फक्त आपला हिवाळा वेगळा आहे, म्हणून तयारीही वेगळी आहे.

आपल्यापैकी बरेच शिक्षक नागपूरहून रोज अप-डाऊन करतात, पालक मुलांना सोडायला येतात, मुलं ऑटोने आणि व्हॅनने येतात. म्हणून हा विषय आज सविस्तर घेत आहे. यातलं बरंचसं विज्ञान वर्गातही शिकवता येण्यासारखं आहे.

आपला हिवाळा कसा असतो?

नागपूर भागात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान साधारण १२-१३ अंशांच्या आसपास असतं. थंडीची लाट आली की ते बरंच खाली जातं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंश सेल्सिअस नोंदवलं गेलं होतं. म्हणजे पाणी गोठण्याच्या जरा वर. दुपारी मात्र ऊन निघतं आणि पारा २८-३० वर जातो. एकाच दिवसात एवढा फरक, हे आपल्या हिवाळ्याचं पहिलं वैशिष्ट्य.

दुसरं वैशिष्ट्य धुक्याचं. आपल्याकडे त्याला धुवारी म्हणतात. कुही तालुक्याला वैनगंगा लागून आहे, गोसीखुर्द धरणाचं पाणी पसरलेलं आहे, शिवाय धानाची ओली शेतं आणि तलाव आहेत. रात्री आकाश निरभ्र असलं की जमीन लवकर थंड होते, तिच्याजवळची दमट हवाही थंड होते आणि वाफेचे बारीक थेंब होऊन हवेतच तरंगतात. वारा नसला की ते तिथेच राहतात. म्हणून सखल भागात, नाल्याच्या पुलावर आणि अंभोऱ्याकडे नदीजवळ धुवारी जास्त दाट असते. मध्येच रस्ता स्वच्छ दिसतो आणि पुढच्या वळणावर एकदम पांढरी भिंत उभी राहते.

हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे १००० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तर ते धुकं. २०० मीटरच्या आत दिसत असेल तर दाट धुकं आणि ५० मीटरच्या आत असेल तर अति दाट.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वीचा जानेवारी. शनिवार, सकाळची शाळा. आम्ही चौघे शिक्षक एका गाडीतून निघालो होतो, गाडी मी चालवत होतो. उमरेड रोडने पाचगावपर्यंत ठीक होतं. कुही फाट्यावरून आत वळल्यावर धुवारी वाढली. काचा बंद, आत चार माणसं, गप्पा सुरू. समोरची काच आतून धूसर व्हायला लागली. मी हाताने पुसत होतो. पुसलं की आणखी चरे दिसायचे. उशीर झाला म्हणून वेगही कमी केला नव्हता, साठच्या आसपास असेल.

अचानक समोर एक पिवळसर ढीग दिसला. धानाच्या तणसाने भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागे ना लाईट, ना रिफ्लेक्टर. मी जोरात ब्रेक मारला. गाडी थांबली तेव्हा बोनेट आणि ट्रॉली यांच्यात हातभर अंतर होतं. आणि त्या हातभर जागेच्या कडेला एक मुलगा मोबाईलचा टॉर्च घेऊन उभा होता. ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं होतं, म्हणून वडिलांनी त्याला मागच्या गाड्यांना थांबवायला उभं केलं होतं. तो आमच्याच शाळेतून चौथी झालेला, तेव्हा आठवीत होता. थरथरत म्हणाला, "नमस्कार सर."

त्या दिवशी शाळेत मला काही शिकवता आलं नाही. चूक ट्रॉलीची होती असं म्हणून मी सुटू शकत होतो. पण काच धूसर होती माझी, वेग जास्त होता माझा, आणि नंतर पाहिलं तर पुढच्या दोन्ही टायरमध्ये हवाही कमी होती. त्यानंतर दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी पुढची कामं करतो. तुम्हीही करा.

१) बॅटरी

हिवाळ्यात सकाळी सेल्फ मारला की गाडी नुसती "घर्र... घर्र..." करते. घरचे म्हणतात, "काल तर चांगली होती, आज काऊन चालू नाही होऊन राहिली?" कारण असं की बॅटरीत वीज रासायनिक क्रियेतून तयार होते आणि थंडीत ही क्रिया मंदावते. शून्य अंशाजवळ बॅटरीची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते. त्याच वेळी इंजिनातलं ऑईल घट्ट झालेलं असतं, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. एकीकडे ताकद कमी, दुसरीकडे काम जास्त. नवी बॅटरी हे निभावते, जुनी हात टेकते.

खरं तर बॅटरीचं नुकसान आपल्या उन्हाळ्यातच झालेलं असतं. ४५ अंशांच्या उन्हात ती आतून झिजते आणि हिवाळ्यात ते उघडकीला येतं. तीन-चार वर्षं झाली असतील तर दुकानात नेऊन तपासून घ्या. रात्रभर उभी असलेल्या गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण चार्ज आहे. १२.२ च्या खाली असेल तर ती अर्ध्यावर आली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान दिसलं तर चार्जिंग ठीक आहे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा. वायर काढताना आधी निगेटिव्ह काढायची आणि लावताना निगेटिव्ह शेवटी लावायची.

सकाळी चालू करताना हेडलाईट, पंखा, गाणी बंद ठेवा, क्लच दाबा आणि एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. नाही झाली तर पंधरा-वीस सेकंद थांबा. डिझेल गाडी असेल तर मीटरमधली स्प्रिंगसारखी खूण विझेपर्यंत थांबा. ती खूण म्हणजे इंजिनातले ग्लो प्लग तापत आहेत.

२) टायर आणि हवा

समजा ऑक्टोबरच्या दुपारी ३२ अंश तापमानात तुम्ही ३२ पीएसआय हवा भरली. डिसेंबरच्या पहाटे तापमान ८ अंश आहे आणि हवा कुठेही लीक नाही. तरी गेज किती दाखवेल?

गेज फक्त बाहेरच्या हवेच्या वरचा दाब दाखवतो. म्हणून त्यात वातावरणाचा दाब १४.७ मिळवा : एकूण ४६.७. तापमान केल्व्हिनमध्ये घ्या : ३२ अंश म्हणजे ३०५ आणि ८ अंश म्हणजे २८१. दाब तापमानाच्या प्रमाणात कमी होतो, म्हणून ४६.७ × २८१ ÷ ३०५ = साधारण ४३. त्यातून १४.७ वजा केले की उरले २८.३. म्हणजे पंक्चर नसतानाही जवळपास पावणेचार पीएसआय हवा "गेली".

हवा कमी असली की टायर बसतो, त्याच्या बाजू जास्त वाकतात आणि तापतात, ब्रेक आणि स्टेअरिंगला गाडी नीट साथ देत नाही. जोरात चालवली तर टायर फुटू शकतो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी समृद्धी महामार्ग सुरू झाल्यापासून सुट्टीत अनेक जण त्या रस्त्याने जातात. तासन् तास सरळ रस्ता आणि मोठा वेग, तिथे कमी हवेचे टायर नेऊ नका.

काय करायचं? दर पंधरा दिवसांनी, सकाळी, गाडी फार न चालवता हवा तपासा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेलं असतं. पंक्चरवाल्याच्या अंदाजाने भरू नका. स्टेपनीही तपासा, तिला आपण नेहमी विसरतो. टायरच्या खाचांमध्ये रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटरच उरली आणि टायर बदलायची वेळ झाली.

३) काच : आतून आणि बाहेरून

उन्हाळ्यात थंड पाण्याच्या स्टीलच्या पेल्याला बाहेरून घाम येतो. हिवाळ्यात काचेला आतून येतो. नियम एकच : दमट हवा थंड पृष्ठभागाला लागली की वाफेचं पाणी होतं. गाडीत चार माणसांचा श्वास म्हणजे भरपूर वाफ.

हाताने पुसू नका, हाताचं तेल काचेला लागतं आणि समोरच्या लाईटने डोळ्यांपुढे चकाकी येते. त्याऐवजी :

- बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू करा. आतलीच हवा फिरवणारं बंद करा.
- हवेचा झोत समोरच्या काचेवर सोडा.
- एसी लावा आणि तापमान गरम बाजूला ठेवा. थंडीत एसी कशाला, असं वाटेल. पण एसी हवेतलं पाणी काढून घेतो, आणि कोरडी गरम हवा काच पटकन साफ करते.
- एसी नसेल तर दोन्ही बाजूंच्या काचा दोन बोटं खाली करा. थंडी वाजेल, पण दिसेल.

बाहेरच्या बाजूला दव पडतं, त्यावर धूळ बसते. वायपरचं रबर आपल्या उन्हाळ्यात कडक होऊन तडकतं, ते दिवाळीनंतर बदला. पाण्याची टाकी भरून ठेवा. महिन्यातून एकदा काच आतूनही साबणाच्या पाण्याने पुसा. मी हे आधी कधीच करत नव्हतो.

४) लाईट : अपर नको, डिपर

धुवारीत दिसत नाही म्हणून आपण अपर लावतो आणि आणखीच दिसेनासं होतं. कारण धुक्याचा प्रत्येक थेंब प्रकाश चारी बाजूंना फेकतो. अपरचा झोत समोरच्या थेंबांवर पडून आपल्याच डोळ्यांत परत येतो. डिपरचा झोत खाली रस्त्यावर पडतो. फॉग लॅम्प खाली बसवलेले असतात ते याच कारणाने.

चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जाण्याची सवय आपल्याकडे फार आहे. त्यामुळे तुम्ही वळताय की सरळ जाताय ते मागच्याला कळत नाही, आणि गाडी उभी आहे की चालते आहे हेही कळत नाही. गाडी बंद पडून उभी असेल तेव्हा ते लावा. निघण्याआधी घरच्या कुणाला तरी मागे उभं करून टेल लाईट आणि ब्रेक लाईट लागतात का बघून घ्या. आपल्याला आपले मागचे लाईट कधीच दिसत नाहीत.

५) ऑईल आणि कूलंट

ऑईलच्या डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे इंग्रजीतला हिवाळा, वजन नाही. पहिला आकडा जितका लहान तितकं ऑईल थंडीत सहज वाहतं. आपल्या थंडीसाठी कंपनीने सांगितलेलं ऑईल पुरतं, फक्त ते वेळेवर बदललेलं हवं. सकाळी गाडी दहा मिनिटं उभ्या उभ्या गरम करायची गरज नाही. अर्धा ते एक मिनिट पुरे, मग पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा.

कूलंटऐवजी नळाचं पाणी भरायची सवय सोडा. आपल्याकडे रेडिएटर गोठणार नाही हे खरं, पण पाण्याने आत गंज आणि क्षार जमतात आणि पुढच्या मे महिन्यात गाडी गरम होऊन रस्त्यात उभी राहते. मनाली किंवा काश्मीरला गाडी नेणार असाल तर मात्र कूलंटचं प्रमाण नक्की तपासा. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि इंजिनलाही तडा जाऊ शकतो. तिथे डिझेलसुद्धा घट्ट होतं. म्हणून नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑईलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं खास डिझेल आणलं.

६) बोनेटवर दोन थापा

थंडीत मांजरं आणि कुत्र्याची पिल्लं गरम इंजिनाजवळ किंवा चाकामागे येऊन झोपतात. चालू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा, खाली वाकून बघा. धान घरात आलं की उंदीरही वाढतात आणि बोनेटमधल्या वायरी कुरतडतात. आठवड्यातून एकदा बोनेट उघडून पाहिलं तर मोठा खर्च वाचतो. हे काम घरातल्या मुलांना द्या, ती आवडीने करतात.

७) बंद जागेत इंजिन नको

ही गोष्ट जिवाची आहे. थंडी वाजते म्हणून शटर बंद करून आत गाडी चालू ठेवणं, किंवा गाडी चालू ठेवून काचा लावून आत झोपणं, दोन्ही करू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपण्यातही हाच धोका आहे. मुलांना हे जरूर सांगा, ती घरी जाऊन सांगतात.

८) वेग आणि अंतर

आता सगळ्यात महत्त्वाचं. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकने गाडी थांबते. हिशोब साधारण असा येतो :

- ताशी ४० किमी : १७ + १० = २७ मीटर
- ताशी ६० किमी : २५ + २३ = ४८ मीटर
- ताशी ८० किमी : ३३ + ४१ = ७४ मीटर

पहिला आकडा ब्रेक लागण्याआधी गाडी किती पुढे जाते त्याचा, दुसरा ब्रेक लागल्यावरचा. ५० मीटर दिसत असताना ६० चा वेग म्हणजे दोनच मीटर शिल्लक. रस्ता दवाने ओला किंवा टायर झिजलेला असेल तर तेही नाहीत. आमची त्या दिवशी हातभर अंतरावर थांबलेली गाडी नशिबाने थांबली होती, हे मला हा हिशोब केल्यावर कळलं.

म्हणून जितकं दिसतं त्याच्या अर्ध्या अंतरात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. रस्त्याच्या डावीकडची पांढरी पट्टी धरून चला, गाणी बंद करा, ओव्हरटेक करू नका. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे अर्धा तास आधी निघा किंवा सरळ फोन करून सांगा की उशीर होईल. आमच्या शाळेत आता धुवारीच्या दिवशी उशिरा येणाऱ्याला कुणी बोलत नाही.

गाडी बंद पडलीच तर रस्त्याच्या खाली घ्या, चारही इंडिकेटर लावा, मागे लाल त्रिकोण ठेवा आणि सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा. टॉर्च घेऊन मुलाला रस्त्यावर उभं करू नका.

वर्गात काय घेता येईल?

१. मैदानावर २७, ४८ आणि ७४ मीटर मोजून चुन्याच्या रेषा मारा आणि मुलांना पावलांनी चालायला लावा. "एवढ्या लांब जाऊन गाडी थांबते?" हे त्यांच्या तोंडून येतं. त्यानंतर ती रस्ता ओलांडताना धावत नाहीत.

२. फुगवलेला फुगा फ्रिजमध्ये तासभर ठेवा आणि आधी-नंतर दोऱ्याने घेर मोजा. टायरमधली हवा लगेच समजते.

३. थंड पाण्याचा पेला वर्गात ठेवून बाहेरचे थेंब दाखवा.

४. लाल रिफ्लेक्टर पट्टीचा रोल आणा. त्या घटनेनंतर आम्ही पालक सभेत हा विषय घेतला. मुलांनी आपल्या घरच्या बैलगाडीला, ट्रॉलीला आणि सायकलला मागून लाल पट्ट्या चिकटवल्या. पहिल्या वर्षी एक रोल लागला, आता दरवर्षी पालकच विचारतात, "सर, पट्ट्या कधी देता?"

त्या तणसाच्या ट्रॉलीलाही पट्ट्या लागल्या आहेत. मांढळच्या बाजाराच्या दिवशी ती कधी पुढे दिसली की धुवारीतही दोन लाल पट्ट्या लांबून चमकतात, आणि मी पाय ब्रेकवर नेतो.

चौथीतल्या त्या मुलाला मी शेवटी सांगितलं, "आपल्या चाकाला साखळी नाही लागत रे, हवा लागते." दुसऱ्या दिवशी तो वडिलांना मोटारसायकलची हवा चेक करायला घेऊन गेला. आपणही आपल्या घरी या आठवड्यात एवढं एक काम नक्की करा.